चहासुद्धा न घेणारी बाई

रनाळ्याची चारुलता पाटील हॉस्पिटलात पेशंटच्या हातचा चहासुद्धा घेत नसे. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, सरकारी योजनेत पेशंटचे कागद मंजूर करून आणणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर तिच्यासारखं एकदा बसून बघा, मग कळेल. ज्याच्या बापाच्या हृदयाचं काम सरकारी योजनेत मंजूर होतं, तो माणूस नुसता चहा आणत नाही. शेतातली हरभऱ्याची जुडी आणतो, लाल मिरचीची पिशवी आणतो, हात जोडून डोळ्यांत पाणी आणतो. त्याला नाही म्हणायचं म्हणजे मन घट्ट लागतं. चारुलताचं होतं. नंदुरबारच्या बाजाराच्या अंगाला असलेल्या त्या तीन मजली हॉस्पिटलात तिनं नऊ-दहा वर्षं काढली आणि कुणाची साधी संत्र्याची फोड तोंडात टाकली नाही. वॉर्डबॉय तिला मागून 'उपाशी मावशी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला मनातून थोडा गर्वही होता.

हे असं का, त्यालाही कारण होतं. तिच्या धाकट्या भावाच्या हृदयाची झडप बदलायची होती, तेव्हा योजना होती, कार्ड होतं, मंजुरी होती. तरी दूर शहरातल्या कुठल्याशा हॉस्पिटलात काउंटरवरच्या एका गोड बोलणाऱ्या माणसानं 'वरचा खर्च' म्हणून आईच्या हातातल्या पाटल्या मोडायला लावल्या. आईनं त्याला वर आशीर्वादही दिला. वरचा खर्च असं काही नसतंच, हे घरच्यांना पुढं कितीतरी दिवसांनी कुणीतरी सांगितलं. भाऊ बरा झाला, पाटल्या गेल्या त्या गेल्या. पण चारुलताला तो आशीर्वाद सलत राहिला. लुटणाऱ्याला देवमाणूस समजून माणसं पाया पडतात, या गोष्टीची तिला जी चीड आली ती कधी उतरली नाही. म्हणून तिच्या टेबलावर पहिलं वाक्य एकच असे, "इथे कुणालाही काहीही द्यायचं नाही. कुणी मागितलं तर मला येऊन सांगायचं."

अशा बाईवर पेशंटकडून घेतल्याचा ठपका यावा, याला काय म्हणावं!

झालं ते असं. दिवाळी होऊन गेली होती. शहराबाहेर मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि वारा फिरला की हॉस्पिटलात निम्मी माणसं ठसकत होती. अशात अक्कलकुव्याच्या वरून, मोलगीच्याही पुढच्या एका पाड्यावरून बाज्या वसावे नावाचा म्हातारा आपल्या बायकोला घेऊन आला. तिचं नाव रमिलाबाई. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन उतरताना तिचा पाय निसटला होता आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. पाड्यावरून मोटारीच्या रस्त्यापर्यंत तिला झोळीतून आणलं होतं. बरोबर सोयरेधायरे धरून जीपभर माणसं होती. त्यांनी आवारातल्या कडुनिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली आणि राहिले.

बाज्याबाबा वाळकाटकुळा, अंगात बंडी, कानात बाळी. तो सगळ्यांना तू म्हणायचा, डॉक्टरांनासुद्धा. त्यांच्या बोलीत अहोजाहो नाहीच, त्यामुळे त्यात उर्मटपणा शोधणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. टेबलापाशी येऊन त्यानं पहिला प्रश्न केला, "बाई, किती घेशील?"

"काही नाही बाबा. सरकार भरतं. ऑपरेशन, सळी, औषध, जेवण, सगळं फुकट."

दुसरा कुणी असता तर त्याचा चेहरा उजळला असता. बाज्याबाबाचा पडला. त्यानं मागं वळून आपल्या माणसांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि त्या सगळ्यांचेही चेहरे पडले. चारुलताला वाटलं, यांचा विश्वास बसत नाहीये. बिचाऱ्यांना सवय नाही फुकटाची. तिनं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, सगळं समजावलं. ते ऐकून बाज्याबाबा अजूनच काळजीत पडला.

ऑपरेशन हेमकांत डॉक्टरांनी केलं आणि उत्तम केलं. पण रमिलाबाई उठेना. डॉक्टर म्हणाले चाल, नर्स म्हणाली चाल, व्यायाम शिकवणारी पोरगी हात धरून उभी राहिली, तरी ही पलंगाची कड सोडायला तयार नाही. सुटी व्हायच्या आदल्या दिवशी तिनं कशीबशी दोन पावलं टाकली, तीही डोळे मिटून. "हाड पक्कं आहे, मन कच्चं आहे," डॉक्टर म्हणाले. "घरी गेल्यावर चालेल."

सुटीच्या दिवशी बाज्याबाबा काखेत एक तांबडी कोंबडी घेऊन टेबलापाशी हजर झाला. कुठून आणली देव जाणे.

"घे," तो म्हणाला.

"बाबा, काय सांगितलं होतं मी? इथे काही द्यायचं नसतं."

"तुझं आहे. बायको बरी झाली. घे."

रांगेतली माणसं हसायला लागली. चारुलताला ते हसणं झोंबलं आणि तिचा आवाज चढला. तिनं त्याला तिथंच, सगळ्यांसमोर, चांगलंच सुनावलं, की तुम्ही द्याल, मी घेईन, आणि उद्या कुणी तिसराच तुमच्याकडून बकरी मागेल! बाज्याबाबा निमूट ऐकत उभा राहिला. मग तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी हसून त्याची पाठ थोपटली आणि नको म्हणाले. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "आण रे इकडे, मी घेतो." त्याला मात्र बाज्याबाबानं दिली नाही. वॉचमननं कुणाला बरं केलं होतं? कोंबडी काखेत तशीच घेऊन तो जीपमध्ये पुढं बसला. मागं रमिलाबाई आडवी पडली होती, तिला काही दिसलं नाही.

योजनेत सुटी झालेल्या पेशंटला वरून फोन जातो. उपचार नीट झाले का, जेवण मिळालं का, आणि शेवटी, कुणी पैसे किंवा वस्तू घेतली का? चांगलीच गोष्ट आहे. चारुलताच्या भावाच्या वेळी असा फोन आला असता तर पाटल्या वाचल्या असत्या. तसा फोन बाज्याबाबालाही गेला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "कुणी काही घेतलं का?"

बाज्याबाबा म्हणाला, "घेतलं. टेबलावरच्या बाईनं घेतलं. घेतलं म्हणून तर रमिला चालते."

संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

जिल्ह्याचे समन्वयक राजेंद्र साहेब तसे भले माणूस. त्यांनी चारुलताला बोलावून घेतलं आणि दार लोटून विचारलं, "ताई, हे काय?" तिनं काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "माझा विश्वास आहे. माझ्या विश्वासाला वर कोण विचारतं? तक्रार पेशंटची आहे, ती पेशंटनंच मागं घ्यायला हवी. म्हाताऱ्याला फोनवर एवढंच म्हणू द्या, की बाईनं काही घेतलं नाही. विषय मिटला. नाही तर तुमचं कंत्राट पुढं चालू राहणं अवघड आहे."

चारुलताला त्या रात्री भाकर गेली नाही. नोकरी जाईल याची भीती होतीच, घर तिच्या पगारावर बरंच टेकलेलं होतं. नवरा भाग्येश बी-बियाण्याच्या दुकानात कामाला, तिथं हंगाम असेल तर पगार. पण तिला जाळत होतं ते दुसरंच. जिनं चहासुद्धा घेतला नाही तिच्या नावापुढं 'घेतलं' असं लागणार होतं. आणि लावलं कुणी? ज्याच्या बायकोची मंजुरी अडली तेव्हा तिनं दहा फोन करून ती आणली, त्यानं! 'करावं भलं तर होतं खोटं,' ती स्वतःशीच पुटपुटली, आणि सकाळी पहिल्या एसटीनं अक्कलकुव्याला निघाली.

अक्कलकुव्याहून पुढं जीप. जीपमध्ये तिच्या मांडीवर कुणाचं तरी पोरगं झोपलं, पायाशी कुणाची तरी तेलाची कॅन आली, घाट चढताना तिला दोनदा मळमळलं. वाटेत हिशोब नको म्हटलं तरी डोक्यात आलाच, की आपलं एकटीचं येणं-जाणं एवढं महाग पडतंय, तर जीपभर माणसं घेऊन येणाऱ्यांचं काय होत असेल? त्यांच्या बुडालेल्या मजुरीला कुठली योजना? आपण टेबलावर बसून 'सगळं फुकट' म्हणतो ते या घाटाच्या खाली. वर चढल्यावर त्यातलं फार थोडं फुकट उरतं. हे तिला कधी सुचलं नव्हतं आणि आज सुचलं याचा तिला रागच आला, कारण ती भांडायला निघाली होती.

पाड्यावरची घरं एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येक आपापल्या टेकाडावर. बाज्याबाबाच्या अंगणात ज्वारीची कणसं वाळत होती. आणि कणसांच्या कडेनं, हातात काठी घेऊन, कोंबड्या हाकलत रमिलाबाई चालत होती. चालत होती म्हणजे चांगली, नीट चालत होती! पाय किंचित ओढत असेल, पण डोळे उघडे होते आणि तोंडानं कोंबड्यांना शिव्या चालल्या होत्या. जी बाई पलंगाची कड सोडत नव्हती ती हीच का, म्हणून चारुलता फाटकाच्या काटक्यांपाशी उभी राहून बघतच राहिली.

रमिलाबाईनं तिला ओळखलं आणि हरखून आत पाणी आणायला गेली. बाज्याबाबा घराच्या पडवीतून बाहेर आला. तोही हसत होता. त्या हसण्यानं चारुलताचं डोकं पुन्हा तापलं.

"बाबा, मी तुमच्याकडून काय घेतलं? काय घेतलं मी, सांगा ना! माझी भाकरी काढून घ्यायला निघालात तुम्ही."

बाज्याबाबानं तोंडावर बोट ठेवलं, तिचा दंड धरला आणि तिला घराच्या मागं नेलं. तिथं उकिडवा बसून त्यानं हळू आवाजात सांगितलं. बडव्याकडे, म्हणजे आमच्या भगताकडे गेलो, त्यानं दुखणं उतरवलं, की त्याला द्यावं लागतं. कोंबडी द्या, धान्य द्या, मोहाची बाटली द्या. जमेल ते द्या, पण द्या. दिलं नाही तर दुखणं गेलेलं नसतं, दाराबाहेर बसलेलं असतं. घर त्याच्या ओळखीचं असतं, ते परत येतं. रमिलाच्या भावाचं असंच झालं होतं, देणं द्यायचं राहिलं आणि तो माणूस राहिला नाही. "तू म्हणाली फुकट. डॉक्टर म्हणाला फुकट. रमिला घाबरून गेली. म्हणाली, फुकटचा पाय आहे, कधी पण जाईल. म्हणून मी जीपमध्ये सांगितलं, दिलं. बाईनं घेतलं. मग रमिला उठली."

"आणि कोंबडी?"

"अक्कलकुव्याला बहिणीच्या घरी ठेवली." तो खाली बघत म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "फोन आला तेव्हा रमिला बाजूला बसली होती. काय बोलू मी?"

भांडणाची जी वाक्यं तिनं एसटीत बसून जुळवली होती त्यातलं एकही इथं चालेना. पण नोकरी तर नोकरीच होती. ती म्हणाली, "बाबा, खोटं तर खोटंच ना. आता साहेबांना फोन लावते, तुम्ही खरं तेवढं सांगा. इथे मागं उभे राहून सांगा, हळूच सांगा. बाईनं कोंबडी घेतली नाही, एवढंच."

आणि कप्पाळ! कुडाच्या पलीकडं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. कुडाची भिंत ती, तिला कान असायला वेळ किती लागतो? रमिलाबाई घराला वळसा घालून आली. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही, चारुलताकडेच बघितलं.

"नाही घेतली?"

रमिलाबाईचा हात खुब्यावर गेला. दुसऱ्या हातानं तिनं भिंत धरली, आणि जिथं उभी होती तिथं हळूहळू, काहीतरी फुटेल अशा बेतानं खाली बसली. चेहरा पांढरा पडला. बाज्याबाबा तिला उठवायला पुढं झाला तर तिनं त्याचा हात झिडकारला. आत्ता अंगणात कोंबड्यांना शिव्या घालणारी बाई जमिनीला चिकटून बसली आणि पायाकडे असं बघायला लागली, जसा तो पाय दुसऱ्याचा आहे.

हेमकांत डॉक्टरांचं सगळं काम, ती सळी, ती मंजुरी, सरकारचा भरलेला पैसा, सगळं तिच्या एका वाक्यानं तिच्या डोळ्यांदेखत खाली बसलं होतं. तिला रडूही आलं आणि रागही आला. कुणाचा राग, हे तिलाच सांगता आलं नसतं. कसला हा अडाणीपणा, असं एकदा मनात आलं. आणि लगेच हेही आलं, की आपल्या सासूबाईंचा मोतीबिंदू फुकटच्या शिबिरात निघाला तेव्हा त्यांनी देवाला नारळ आणि पेढे वाहिल्याशिवाय डोळ्याची पट्टी काढू दिली नव्हती. तेव्हा आपणच पेढे आणायला धावलो होतो.

ती रमिलाबाईसमोर मातीत बसली.

"अगं माय," ती म्हणाली, "घेतली नाही म्हणजे नेली नाही, असं म्हणत होते मी. दिली बाबांनी. माझ्या हातात दिली. पण हॉस्पिटलात ठेवू कुठे? म्हणून म्हटलं, तुमच्याकडेच राहू द्या, मी घरी येऊन नेईन. आज तीच न्यायला आले."

रमिलाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. बाज्याबाबाला डोकं होतं. तो एक शब्द न बोलता अंगणात गेला, आणि क्षणात पंखांची फडफड आणि आरडाओरडा ऐकू आला. तो परत आला तो एक चांगली गुबगुबीत काळी कोंबडी पाय बांधून घेऊन आला. चारुलतानं जन्मात कोंबडीला हात लावला नव्हता. माळकरी घर, अंडंही उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. तिनं डोळे मिटले, दोन्ही हात पुढं केले आणि कोंबडी घेतली.

रमिलाबाईनं ती नीट बघितली. चारुलतानं ती पदराखाली घेतली, पोटाशी धरली, तेही बघितलं. मग तिनं भिंतीला हात लावला आणि ती उठली. "बस," ती म्हणाली, "भाकर खाऊन जा." चारुलता बसली आणि त्यांच्या घरची भाकर आणि मिरचीचं वाटण पोटभर जेवली. पेशंटच्या घरचं तिनं खाल्लेलं ते पहिलं अन्न, आणि तिला ते फार गोड लागलं.

घरी काय झालं ते विचारू नका. सासूबाई, भिकुबाई त्यांचं नाव, ओट्यावरच बसल्या होत्या. पिशवीतून कोंबडीची मान वर आली तशा त्या किंचाळल्या.

"हाई काय लई उनी वं? मन्हा घरमा कोंबडी?"

चारुलतानं कोंबडी गोठ्यात बांधली, हातपाय धुतले आणि सगळं सांगितलं. भिकुबाई नाकाला पदर लावून ऐकत होत्या. ऐकता ऐकता पदर खाली आला.

"मंग त्यान्हं काय चुकनं?" त्या म्हणाल्या. "मी बी देवले नारळ दिन्हा व्हता ना. देव काय फोन लावस का कोनले?" मग गोठ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "गोठामा ऱ्हाऊ दे. पन वट्टावर उनी तर मी तुले बी बाहेर काढसू."

दुसऱ्या दिवशी ती राजेंद्र साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, मी घेतली. पैसे नाही, एक कोंबडी. तक्रार खरी आहे."

साहेबांनी डोक्याला हात लावला. "ताई, तुम्ही खरं खोटं करायला गेला होता की खोटं खरं करायला?" पण ऐकून घेतल्यावर त्यांचा चेहरा सैल पडला. ते उठून फेऱ्या मारायला लागले. "ऐका, वाट आहे. नियमच आहे तसा. पेशंटकडून काही घेतलं असेल तर ते परत करायचं, पोच घ्यायची, फोटो काढायचा. पहिलीच वेळ आहे, एवढ्या वर्षांत तुमच्याविरुद्ध एक कागद नाही. कोंबडी परत देऊन या. ताकीद देऊन सोडतील. नोकरी राहील."

"परत देऊन येऊ?"

"मग काय! मीच गाडी करून देतो. कोंबडी जिवंत आहे ना?"

जिवंत होती. गोठ्यात दाणे टिपत होती. चारुलता त्या खुर्चीत बसून राहिली. किती सोपं होतं! एक दिवसाचं जाणं-येणं, एक फोटो, बाज्याबाबाचा अंगठा. बाज्याबाबानं अंगठा दिलाही असता, तो काही वाईट माणूस नव्हता. पण कोंबडी अंगणात सुटली की रमिलाबाई ती ओळखणार, आणि मग भिंत धरून खाली बसणार. या वेळी तिला उठवायला कुणाकडे काही उरणार नव्हतं. आणि इकडं घरी भाग्येशचा हंगाम संपत आला होता, हेही तितकंच खरं होतं. तिला नोकरी हवी होती. फार हवी होती. त्या टेबलावर बसायला तिला आवडायचं, 'मंजूर झालं' हे शब्द माणसांच्या तोंडावर सांगायला आवडायचं, आणि त्या गोष्टीला तिच्या आयुष्यात दुसरी जोड नव्हती.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ती परत नाही जायची."

"एका कोंबडीपायी? वेड लागलं का?"

"डॉक्टरांनी हाड बसवलं, पैसे सरकारनं भरले. पण चालायचं तर तिलाच आहे ना? ती ज्या जोरावर चालते तो मी काढून नाही घेणार." तिनं टेबलावरचं पेन त्यांच्याकडे सरकवलं. "लिहा तुम्ही, घेतली आणि परत केली नाही."

साहेबांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. त्यांनी तिला आणखी दोनदा विचारलं, दोनदा ती नाही म्हणाली. मग त्यांनी लिहिलं. लिहिताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही आणि तिनंही खिडकीबाहेर बघितलं. कंत्राट संपलं. हॉस्पिटलात कुजबूज झाली, 'उपाशी मावशीनं शेवटी कोंबडी खाल्ली' म्हणून वॉर्डबॉय हसले. हसू देत. कुणाला समजावत बसणार? हेमकांत डॉक्टरांनी फोन करून चौकशी केली, तेवढाच एक आधार वाटला. रनाळ्यातही बाया ओट्यावर बोलल्याच, आणि ते बोलणं चारुलताला लागलं, खूप लागलं. ती काही संत नव्हती. कित्येक दिवस तिनं गोठ्याकडे बघणंही टाळलं.

आता ती एका मेडिकलच्या दुकानात बसते. पगार कमी, काम जास्त. तिच्या जागी निशा नावाची मुलगी आली आहे, हुशार आहे, अडलं की चारुलताला फोन करते. होळीच्या आधी असाच तिचा फोन आला.

"ताई, ते वसावे आले होते आज, तपासणीला. ते बाबा तुम्हालाच शोधत होते. टेबलापाशी उभेच राहिले."

"नोकरी गेली असं नाही ना सांगितलंस?"

"नाही. म्हटलं, बाई दुसरीकडे असतात आता."

"बरं केलंस." चारुलतानं गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं. "चालते कशी ती?"

"अहो, जिन्यानं आली ना! लिफ्टला घाबरते म्हणे."

"जिन्यानं? काठी टेकत?"

"काठी होती, पण ती बाबांच्या हातात. त्यांनाच धाप लागली होती. ते खाली कठड्याला धरून उभे, आणि ही वरच्या पायरीवरून त्यांच्यावर ओरडत होती, चल की लवकर म्हणून."

चारुलता हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरचं गिऱ्हाईक चिठ्ठी पुढं करून बघत राहिलं. "काय झालं ताई?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आमची एक पेशंट आहे, तिचा पाय बरा झाला."